मल्लाप्पांची तक्रार

देवश्री माझी मावसबहीण. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून मला अक्का म्हणते. आमच्या आया मिरजेच्या. दोघींचे नवरे बंगळूरच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि आम्ही इथेच जन्मलो, जयनगरात वाढलो. घरात मराठी, भाजीवाल्याशी कन्नड, शाळेत इंग्रजी. कुठल्या दारात कुठली भाषा बोलायची हे आम्हाला कधी शिकवावं लागलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जयनगरातच माझं छोटं क्लिनिक आहे. देवश्री इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. म्हणजे बाकीचे लोक ज्यांवर काम करतात ती शे-दीडशे यंत्रं चालू ठेवणं हे तिचं काम. वीस वर्षं मान वाकवून बसल्यामुळे तिची मान धरते आणि ती शनिवारी सकाळी माझ्याकडे येते. टेबलावर पालथी पडली की तिचं तोंड त्या गोल भोकात असतं आणि मला फक्त तिचा आवाज ऐकू येतो. माणूस असा तोंड खाली करून पडला की बरंच काही बोलतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. तरी देवश्री कधी कामाचं बोलायची नाही. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी बोलली.

मला त्यातलं जेवढं समजलं तेवढं सांगते. एखाद्या कॉलेजात पन्नास नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यावर लिनक्स नावाची मूळ प्रणाली बसवायची असली, तर प्रत्येक यंत्र तेच तेच प्रश्न विचारतं. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, कुठली डिस्क पुसायची, कुठली ठेवायची. पन्नास यंत्रांपुढे पन्नासदा बसून उत्तरं द्यायची. हे टाळायचं तर सगळी उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवता येतात. यंत्र ती फाईल वाचतं आणि आपलं आपण सगळं बसवून घेतं. पण ती फाईल हाताने लिहिणं किचकट असतं, एक अक्षर चुकलं तरी अडतं. म्हणून देवश्रीने अकरा वर्षांपूर्वी घरी बसून एक साधन बनवलं. समोर फॉर्म येतो, तुम्ही हव्या त्या चौकोनांत खुणा करायच्या, बटण दाबलं की फाईल तयार. तिने त्याला ‘मांडणी’ असं नाव दिलं आणि ते इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वापरायला ठेवलं.

त्या साधनाचा तिला अभिमान होता. असायलाच हवा. चिली नावाच्या देशातून कुणा शिक्षकाने आभार मानले होते, ते पत्र उमाकांतकाकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, छापून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. नोकरीत ती शंभरातली एक होती. ‘मांडणी’च्या पानावर मात्र तिचा शब्द शेवटचा होता. लोक तिथे तक्रारी लिहायचे, ती उत्तरं द्यायची. पहिली काही वर्षं आस्थेनं द्यायची. नंतर नंतर तिची उत्तरं तोकडी व्हायला लागली. एकदा मी तिच्या घरी असताना ती असंच एक उत्तर टाइप करत होती. मी विचारलं, “कुणाला झापतेयस?” ती म्हणाली, “लोक वाचत नाहीत गं काही, नुसते विचारत सुटतात.” सुमंत, तिचा नवरा, आतून म्हणाला होता, “तिच्या उत्तरांचे तिकडे चाहते आहेत म्हणे.” आणि आम्ही हसलो होतो.

तर ऑक्टोबरात झालं असं, की तिच्या कंपनीतल्या चाचणी विभागातली छत्तीस यंत्रं नव्याने बसवायची होती. प्रत्येक यंत्रात दोन डिस्क. पहिलीवर लिनक्स, दुसरीवर मोजमापांच्या नोंदी. पहिली पुसायची, दुसरीला हात लावायचा नाही. ‘मांडणी’त तशी खूण करायची सोय होतीच. देवश्रीने स्वतः खूण केली, फाईल बनवली आणि सोमवारी सकाळी सगळी यंत्रं एकदम सुरू केली. दुपारी जेवून परत आली तेव्हा एकोणीस यंत्रांवर दुसरी डिस्क कोरी झालेली होती.

बऱ्याचशा नोंदींची प्रत दुसरीकडे होती. पण शेवटच्या दोन आठवड्यांची नव्हती. त्या विभागातली माणसं दोन आठवडे तीच मोजमापं पुन्हा घेत बसली.

तिचा वरिष्ठ रणवीर हा लखनौकडचा, शांत माणूस. तो म्हणाला, “देवश्रीजी, पहले पता कीजिए हुआ क्या.” तिने पहिल्यांदा कुणावर संशय घ्यावा? ज्या माणसाने डिस्क बसवल्या त्याच्यावर. त्याने पहिलीच्या जागी दुसरी लावली असणार. तिने एकोणीसच्या एकोणीस यंत्रांची झाकणं उघडायला लावली. सगळ्या डिस्क जागच्या जागी होत्या. मग तिला वाटलं केबल. मग वाटलं, कंपनीने घेतलेली यंत्रंच खराब.

“‘मांडणी’ चुकली असेल असं वाटलं नाही?” मी विचारलं.

“तिसऱ्या दिवशी वाटलं.”

तिसऱ्या दिवशी तिने आपल्या टेबलाजवळच्या यंत्रात दोन डिस्क लावल्या आणि ते दहा वेळा बंद-चालू करून पाहिलं. सात वेळा यंत्राने डिस्क पहिली-दुसरी अशा मोजल्या. तीन वेळा उलट्या. जुन्या यंत्रांत हा क्रम कधी बदलत नसे. नव्या यंत्रांत जी डिस्क आधी जागी होईल ती पहिली. आणि ‘मांडणी’ फाईलमध्ये एवढंच लिहायची, की पहिली पुस आणि दुसरी ठेव. यंत्राने उलटं मोजलं की ती बरोबर उलटं पुसणार.

चूक कळल्यावर तिला आधी बरंच वाटलं म्हणे. कारण सापडलं होतं. असं दुसऱ्या कुणाला झालंय का, हे बघायला तिने ‘मांडणी’च्या पानावर जुन्या तक्रारींत शोधलं. ‘डिस्क’, ‘क्रम’, ‘चुकीची’ असे शब्द टाकले. पहिलंच उत्तर समोर आलं ते तीन वर्षांपूर्वीचं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

टेबलावर पालथं पडून तिने मला ते पाठ म्हणून दाखवलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो खांदा माझ्या हाताखाली दगडासारखा झाला.

तक्रार अशी होती: ‘रिस्पेक्टेड सर, युवर टूल इज क्लीनिंग राँग डिस्क. आय पुट टिक फॉर सेकंड डिस्क नॉट टच. स्टिल इट इज गोइंग. माय प्रिन्सिपल इज आस्किंग मी. प्लीज टेल.’ त्याखाली आणखी दहा-बारा ओळी तशाच इंग्रजीत. आणि त्यावर देवश्रीचं उत्तर. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर असा: ‘हे साधन काहीही पुसत नाही. तुम्ही जे सांगता तेच ते लिहितं. तक्रार करण्याआधी माहिती वाचा. आणि जमलं तर कुणाला समजेल अशा इंग्रजीत लिहा.’ त्या उत्तराला तेवीस लोकांनी पसंतीचे अंगठे दिले होते. एकाने खाली त्या माणसाच्या इंग्रजीचीच नक्कल करून विनोद केला होता. मग त्या माणसाचं शेवटचं वाक्य: ‘ओके सर. सॉरी फॉर डिस्टर्बन्स.’ आणि त्यानंतर देवश्रीने ती तक्रार कुलूप लावून बंद केली होती, म्हणजे पुढे कुणाला काही लिहिता येऊ नये.

“त्या दहा-बारा ओळी मी तेव्हा वाचल्याच नव्हत्या, अक्का,” ती म्हणाली. “पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि ठरवून टाकलं की या माणसाला काही येत नाही. परवा शेवटपर्यंत वाचलं. त्याने लिहिलं होतं, डिस्कचा क्रम दर वेळी सारखा नसतो, मी आठ वेळा करून बघितलं. पहिली-दुसरी असं लिहू नका, प्रत्येक डिस्कचा स्वतःचा नंबर असतो, तो घ्या. म्हणजे रोग सांगितला होता आणि औषधही सांगितलं होतं.”

मी म्हटलं, “अगं, तीन वर्षं झाली. तुझ्याकडे शेकडो लोक लिहितात. एखादं राहून जातं.”

“राहून नाही गेलं. मी उत्तर दिलं होतं.”

धीर द्यायच्या घाईत मी चुकीचं बोलले होते.

ती तशीच पडून पुढचं बोलत राहिली. तिने तीन दिवसांत ‘मांडणी’ दुरुस्त केली. गाडीला चासी नंबर असतो तसा डिस्कला नंबर असतो, फाईलमध्ये आता तो लिहिला जातो. त्या नंबरची डिस्क सापडली नाही तर यंत्र काहीही न पुसता थांबतं आणि विचारतं. त्या माणसाने सुचवलं होतं त्याहून यात तिने फारशी भर घातली नव्हती. मग कंपनीत बैठक झाली. रणवीर सगळ्यांसमोर म्हणाला, की इतका अवघड दोष देवश्रीजींनी आठवड्यात शोधला आणि मिटवलाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती थँक यू म्हणाली आणि खाली बसली.

“तिथे एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सगळे हसून बघत होते गं माझ्याकडे. मी बसले. आणि बसल्यावर वाटलं, पहिली चूक तरी न वाचता झाली होती. ही वाचून झाली.”

मी विचारलं, “कोण आहे तो माणूस?”

तेव्हा ती उठून बसली. चेहऱ्यावर त्या भोकाचा गोल वळ उमटला होता. ती म्हणाली, “सहीत नाव होतं. मल्लाप्पा एच., लॅब इन्स्ट्रक्टर. आणि खाली पत्ता. बोम्मसंद्रा.”

मला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. मग लक्षात आलं. ती रोज पिवळ्या मार्गाच्या मेट्रोने इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरते, तिथून बोम्मसंद्रा तीन-चार स्टेशनं पुढे, शेवटचं. होसूर रोडवरच्या कारखान्यांमधली एक खासगी आयटीआय. आणि तो माणूस कानडी. त्याने कन्नडमध्ये चार वाक्यं बोलून सांगितलं असतं तर देवश्रीला पहिल्या मिनिटाला कळलं असतं. भाजीवाल्याशी ती ज्या भाषेत मिरच्यांवरून हुज्जत घालते त्याच भाषेत.

“मेल केला होता,” ती म्हणाली. “परत आला. तो पत्ता आता चालू नाही म्हणे.”

“मग जा ना.”

“काय सांगू जाऊन?”

“हेच, जे मला सांगितलंस.”

ती गेली, पण पहिल्यांदा नुसती फाटकापर्यंत. मंगळवारी अर्धी रजा काढून शेवटच्या स्टेशनावर उतरली, रिक्षा केली, आयटीआयच्या फाटकाशी पोचली. वॉचमनने “यारु बेकु?” म्हणून कोण हवंय ते विचारलं. तिला मल्लाप्पांचं नाव घेता येईना. पत्ता चुकला असं काहीतरी पुटपुटून ती त्याच रिक्षात बसून परत आली. घरी कुणाला सांगितलं नाही. मला फोनवर सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

दुसऱ्यांदा गेली ती पुढच्या सोमवारी. या वेळी वॉचमनला नाव सांगितलं. त्याने कॉम्प्युटर लॅबकडे बोट न दाखवता मागच्या वर्कशॉपकडे दाखवलं. तिथे स्टोअरची खिडकी होती. विद्यार्थी टोकन द्यायचे आणि आतला माणूस त्यांना कानस, हॅक्सॉ, व्हर्निअर असं जे हत्यार हवं ते काढून द्यायचा. करडा एप्रन घातलेला, पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला माणूस. तेच मल्लाप्पा.

त्यांना वाटलं कुणा विद्यार्थ्याची आई आली आहे. ते म्हणाले, “ऑफिस त्या बाजूला आहे, अम्मा.”

देवश्रीने कन्नडमध्ये सांगितलं, “मी तुम्हालाच भेटायला आलेय. तुम्ही तीन वर्षांपूर्वी एका टूलबद्दल तक्रार लिहिली होती. ‘मांडणी’. ते टूल माझं आहे. तुम्हाला ते उत्तर मी दिलं होतं.”

मल्लाप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग जे बोलले ते ऐकायची तिची तयारी नव्हती. ते म्हणाले, “तुम्ही मॅडम आहात होय. मी सर लिहिलं होतं. चुकलंच माझं.”

तिला वाटलं होतं माणूस चिडेल, खिडकी लावून घेईल, निदान तुसडेपणाने वागेल. त्या सगळ्याची तयारी करून ती गेली होती. आणि हा माणूस तिची माफी मागत होता.

ती म्हणाली, “तुमचं काही चुकलं नव्हतं. सगळं बरोबर होतं. माझं टूल चुकीची डिस्क पुसत होतं. मी तुमची तक्रार पूर्ण वाचलीसुद्धा नव्हती.”

मल्लाप्पांनी तिला खिडकीच्या बाजूच्या दाराने आत बोलावलं, स्टूल पुढे केलं. “स्वल्प, थोडं बसा,” म्हणाले. तेवढ्यात एक मुलगी टोकन घेऊन आली. तिला व्हर्निअर दिलं, टोकन खिळ्याला लावलं. मग येऊन समोर उभे राहिले आणि विचारलं, “डिस्कचा नंबर घेतला का शेवटी?”

“घेतला.”

“आणि त्या नंबरची डिस्क नसेल तर?”

“थांबतं. काही पुसत नाही. विचारतं.”

“हं. थांबलंच पाहिजे,” ते म्हणाले आणि मान हलवली.

मग तिने विचारलं, तुम्ही इथे कसे, लॅबमध्ये नाही का आता. त्यांनी जे सांगितलं ते सरळ सांगितलं, कुणी आपल्या गावाला जायचा रस्ता सांगावा तसं. लॅबमध्ये बावीस यंत्रं होती. दुसऱ्या डिस्कवर मुलांची वर्षभराची प्रात्यक्षिकं होती. वरच्या ऑफिसकडून यायच्या तपासणीला चार दिवस राहिले असताना ती सगळी पुसली गेली. प्रिन्सिपलनी विचारलं तेव्हा मल्लाप्पा म्हणाले, दोष टूलचा आहे, मी बनवणाऱ्याला लिहिलंय, उत्तर येईल. उत्तर आलं तेव्हा त्यांनीच ते प्रिन्सिपलच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. आनंदाने, आधी स्वतः न वाचता. प्रिन्सिपलनी ते स्टाफसमोर मोठ्याने वाचलं. ‘समजेल अशा इंग्रजीत लिहा’ हेसुद्धा. पुढच्या महिन्यात मल्लाप्पांची बदली स्टोअरमध्ये झाली.

“मी सगळ्यांना सांगत होतो की मी खूण बरोबर केली होती,” ते म्हणाले. “वर्षभर सांगत होतो. मग मलाच वाटायला लागलं की चुकली असेल. माणूस थकतो, हात चुकतो. घरीही तेच म्हणायचे. मग मीही म्हणायला लागलो, हो, माझीच चूक.”

देवश्री म्हणाली, “मला माफ करा.”

मल्लाप्पा माफ केलं असंही म्हणाले नाहीत, राहू द्या असंही म्हणाले नाहीत. कपाटाचा खण उघडून त्यांनी आखीव कागदाचा तुकडा काढला, एक पेन काढलं, आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं.

“हे लिहून द्या,” ते म्हणाले. “दोष टूलचा होता. तारीख घाला. कन्नडमध्ये लिहा, इथे सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.”

आता आमची कन्नड ही बोलायची कन्नड. शाळेत तिसरी भाषा म्हणून आठवीपर्यंत होती, त्यानंतर दुकानाच्या पाट्या वाचण्यापलीकडे कधी काम पडलं नाही. देवश्री लिहायला बसली. पहिली ओळ लिहायला तिला पाच मिनिटं लागली. जोडाक्षराचं खालचं अक्षर कुठे द्यायचं ते आठवेना. ऱ्हस्व-दीर्घ सगळं तिच्या अंदाजाने. अर्ध्या पानाचं पत्र झालं तेव्हा तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने कागद मल्लाप्पांपुढे केला.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग कानामागची पेन्सिल काढली आणि चुकलेल्या शब्दांखाली हलक्या रेघा मारत गेले. चौदा रेघा. प्रत्येक शब्द बाजूला बरोबर लिहून दाखवला. एका ठिकाणी तिने ‘पुसलं’च्या जागी असं काही लिहिलं होतं की त्याचा अर्थ ‘गिळलं’ असा होत होता. मल्लाप्पांना तिथे जरा हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

“अर्थ लागतोय,” ते म्हणाले. “नुसतं परत एकदा स्वच्छ लिहा.”

“त्यांनी मला असं म्हणावं, अक्का,” देवश्री मला सांगत होती. “अर्थ लागतोय. त्यांच्याही पत्राचा अर्थ लागत होता.”

तिने पुन्हा लिहिलं. दोन प्रती केल्या. ते दोघं ऑफिसात गेले. ज्यांनी ते उत्तर मोठ्याने वाचलं होतं ते प्रिन्सिपल तुमकूरला निघून गेले होते. नवीन प्रिन्सिपलना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पत्र वाचायला अर्धं मिनिट घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, फाईलला लावू. मग सौजन्य म्हणून मल्लाप्पांना विचारलं, तुम्हाला लॅबमध्ये परत यायचंय का. मल्लाप्पा म्हणाले, “लॅब आता भूमिका मॅडम सांभाळतात, चांगली सांभाळतात. त्यांना का हलवायचं?” तेवढ्यावर ते संपलं.

बाहेर आल्यावर देवश्रीने विचारलं, “तुम्हाला खरंच नकोय लॅब?”

ते म्हणाले, “तीन वर्षांत यंत्रं बदलली, मॅडम. मला आता परत पहिल्यापासून शिकावं लागेल. आणि मुलांसमोर एकदा मान खाली गेली की त्या खोलीत उभं राहणं कठीण असतं.” मग दुसरी प्रत घडी करून त्यांनी खिशात ठेवली. “ही घरी दाखवीन.”

चहाला थांबा असं ते म्हणाले नाहीत. तिचाही धीर झाला नाही.

परत आल्यावर तिने त्या जुन्या तक्रारीचं कुलूप काढलं. खाली लिहिलं, की तक्रार बरोबर होती, माझं उत्तर चुकीचं आणि उर्मट होतं, आणि आता केलेली दुरुस्ती मल्लाप्पा एच. यांनी तीन वर्षांपूर्वी सुचवलेलीच आहे. ‘मांडणी’ बनवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. ते उत्तर फोनवर उघडून तिने मला दाखवलं. त्याला चार अंगठे होते. आधीच्या उत्तराला तेवीस.

ऑफिसातही सांगितलं. पुढच्या बैठकीत उठून म्हणाली, मागच्या वेळी टाळ्या मला मिळाल्या, पण शोध माझा नव्हता. रणवीर क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, “कोई बात नहीं, नोट में उनका नाम डाल दीजिए.” आणि पुढचा विषय घेतला. जेवताना एक जण तिला म्हणाला, एवढं मनाला लावून घ्यायची गरज नव्हती, असं सगळ्यांचंच होतं. तिला त्याचा राग आला नाही. तिला वाटत होतं की आपण सगळ्यांसमोर सांगितलं की काहीतरी हलकं होईल. तसं झालं नाही. ज्यांना सांगितलं त्यांना त्याचं काही नव्हतंच. ज्याला होतं तो माणूस स्टोअरच्या खिडकीत टोकनं घेत होता, आणि त्याची तीन वर्षं तिला कुठल्याही पानावर लिहून परत देता येणार नव्हती.

मी तिला म्हटलं, “तू जाऊन आलीस, हे थोडं नाही.”

ती म्हणाली, “ते न वाचलेलं पान परवा समोर आलं म्हणून गेले. आमच्या डिस्क पुसल्या नसत्या तर मी आजही त्या उत्तरावर खूश असते.”

तिची मान अजून तशीच धरलेली होती, मी व्यायाम वाढवून दिले.

फेब्रुवारीत ‘मांडणी’च्या पानावर एक नवी तक्रार आली. कन्नडमध्ये. खाली नाव मल्लाप्पा एच. त्यांनी भूमिका मॅडमच्या परवानगीने लॅबमधल्या दोन यंत्रांवर दुरुस्त केलेलं टूल चालवून बघितलं होतं, आणि कीबोर्डची कन्नड मांडणी निवडली तरी ती बसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. देवश्रीने ती तीनदा वाचली. रविवार अख्खा घालवून सात वेगवेगळ्या यंत्रांवर करून पाहिलं. टूल बरोबर होतं. मल्लाप्पांनी वरच्या रकान्यात खूण करायची ती खालच्या रकान्यात केली होती. या वेळी चूक त्यांची होती.

शनिवारी ती माझ्याकडे आली आणि टेबलावर न पडता नुसती बसून राहिली.

“काय लिहू?” म्हणाली. “चार वेळा लिहिलं आणि पुसलं. नीट लिहिलं तरी ते तेच वाटतंय. तुमचं चुकलं.”

“चुकलं असेल तर सांगावं लागेलच ना.”

“मी हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, अक्का?”

शेवटी तिने लिहिलं नाही, माझ्या समोरच फोन लावला. स्पीकर चालू नव्हता, पण मल्लाप्पांचा आवाज मोठा, मला बाहेर ऐकू येत होता. तिने बरंच आडवळण घेऊन सांगितलं, की तो रकाना जरा गोंधळाचाच आहे, कुणाचंही होईल, मी तिथे सूचना घालणार आहे. देवश्रीने डोळे मिटून घेतले.

मग मल्लाप्पा म्हणाले, “सरी, सरी, बरोबर. खालचा रकाना होय. चष्मा लावला नव्हता मी.” आणि लगेच विचारलं, सूचना घालणार असाल तर कन्नडमध्येही घालणार का, आणि ती कोण लिहिणार.

देवश्री म्हणाली, “मी लिहीन. तुम्ही तपासाल का?”

“पाठवा,” ते म्हणाले. “बघतो.”

फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले आणि टेबलावर पालथी पडली. मी मानेपासून सुरुवात केली.